ठिणगी जोरदार, खड्डा मात्र उथळ: लेसर अब्लेशनमधली पुन्हा पुन्हा येणारी अडचण

लेसर अब्लेशन म्हणजे लेसरच्या झटक्यांनी पदार्थाचा पृष्ठभाग थोडा थोडा उडवणं. त्यातल्या एका बिघाडाचं लक्षण असं असतं. कालपर्यंत शंभर शॉटमध्ये ॲल्युमिनियमच्या पट्टीत जेवढा खड्डा पडत होता, त्याच्या निम्माही आज पडत नाही. प्लाझ्माची, म्हणजे तापून विद्युतभारित झालेल्या वाफेची, ठिणगी झगझगीत आहे, उलट कालच्यापेक्षा थोडी लांबटच दिसते. लेसरच्या पॅनलवरचा आकडा तोच. अशा वेळी हात आपोआप एकाच बटणाकडे जातो: ऊर्जा वाढवा. वाढवली की ठिणगी आणखी मोठी, आवाज आणखी कडक, आणि खड्डा जिथल्या तिथे.

आमच्या प्रयोगशाळेत दीड वर्षात हे पाच वेळा झालं. पाचही वेळा आधी ऊर्जा वाढवली गेली आणि पाचही वेळा ती चूक होती. लक्षण जवळपास एकच, चोर मात्र दर वेळी निराळा. म्हणून ते चोर कसे वेगळे ओळखायचे, हे सविस्तर लिहून ठेवतो आहे.

आधी मांडणी सांगतो, म्हणजे पुढचे आकडे कशाचे ते कळेल. नॅनोसेकंद (सेकंदाचा अब्जावा भाग) पल्सचा एनडी-याग लेसर, म्हणजे निओडिमियम मिसळलेल्या याग स्फटिकाचा; तरंगलांबी १०६४ नॅनोमीटर, पल्स ८ नॅनोसेकंदांची, सेकंदाला १० शॉट, दर शॉटला ५० मिलिज्यूल. बीमचा व्यास ६ मिलिमीटर. समोर १०० मिलिमीटरची प्लेनो-कॉन्व्हेक्स (एका बाजूने सपाट, दुसरीने फुगीर) लेन्स, तिच्या पुढे चेंबरची काचेची खिडकी, आत नमुना. फोकस मुद्दाम नमुन्याच्या पृष्ठभागाखाली ३ मिलिमीटरवर ठेवलेला, त्यामुळे पृष्ठभागावर साधारण ०.२ मिलिमीटर व्यासाचा ठिपका पडतो. तुमचे आकडे वेगळे असतील, पण हिशेब असाच करायचा.

खड्डा पाडणाराच खड्डा अडवतो

५० मिलिज्यूल म्हणजे काही फार नव्हे. सेकंदाला दहा शॉट धरले तरी सरासरी अर्धा वॅट, म्हणजे साध्या टॉर्चच्या आसपास. पण हीच ऊर्जा ८ नॅनोसेकंदांत कोंबली की शक्ती सहा मेगावॅटच्या वर जाते, आणि ०.२ मिलिमीटरच्या ठिपक्यावर ती चौरस सेंटिमीटरला सुमारे २० अब्ज वॅट होते. धातूत हा प्रकाश दहाएक नॅनोमीटरपेक्षा खोल शिरत नाही. तेवढ्या पापुद्र्यातले मोकळे इलेक्ट्रॉन तो शोषतात आणि उष्णता आत पसरायला लागते. आठ नॅनोसेकंदांत ॲल्युमिनियममध्ये ती जेमतेम एक-दोन मायक्रॉन जाते. धातू ६६० अंशांना वितळतो, २५०० अंशांच्या आसपास उकळतो, आणि हे सगळं पल्स अजून चालू असतानाच होतं.

आता गंमत इथून पुढे. वर उठलेल्या वाफेत थोडे मोकळे इलेक्ट्रॉन असतात. १०६४ नॅनोमीटरच्या एका फोटॉनची ऊर्जा १.१७ इलेक्ट्रॉन व्होल्ट, आणि ॲल्युमिनियमच्या अणूतला इलेक्ट्रॉन सुटायला लागतात सहाच्या जवळपास. म्हणजे एकट्यादुकट्या फोटॉनचं हे काम नाही. पण मोकळा इलेक्ट्रॉन अणूंना आणि आयनांना धडकता धडकता प्रकाश शोषत जातो, पुरेसा तापला की पुढच्या अणूतला इलेक्ट्रॉन उडवतो. एकाचे दोन, दोनाचे चार. या धडकेतल्या शोषणाला इन्व्हर्स ब्रेमस्ट्रालुंग म्हणतात. नाव भारदस्त आहे, पण अर्थ एवढाच की वाफ काळवंडते आणि लेसरला अपारदर्शक होत जाते. पल्सचा पहिला भाग धातू उडवतो, मागून येणारा भाग त्या उडालेल्या धातूतच अडकतो. प्लाझ्मा आणखी तापतो, आणखी चमकतो, बीम येतो त्या दिशेला सरकत लांबट होतो. खाली पृष्ठभागाला त्यातलं फारसं काही मिळत नाही.

याचा ढोबळ हिशेब एकदा करून बघा, डोळे उघडतात. एक ग्रॅम ॲल्युमिनियम तापवून, वितळवून, पूर्ण वाफ करायला साधारण १४ किलोज्यूल लागतात. त्या भावाने ५० मिलिज्यूल पूर्ण वसूल झाले असते, तर ०.२ मिलिमीटरच्या ठिपक्यात प्रत्येक शॉटला चाळीसेक मायक्रॉन खोल खड्डा पडायला हवा. आमच्याकडे सगळं सुरळीत असताना पडतो एखाद-दोन मायक्रॉन. बाकीचं परावर्तनात, उष्णतावहनात, धक्कालहरीत आणि मुख्यतः प्लाझ्मात जातं. त्यामुळे ऊर्जेचं बटण फिरवल्यावर वाढलेला प्रत्येक मिलिज्यूल आधी या मध्यस्थाच्या हातात पडतो. खड्ड्याच्या वाट्याला उरलंसुरलं येतं.

तेव्हा ठिणगी मोठी दिसली म्हणून काम जास्त होतंय असं धरू नका. काही वेळा ती काम होत नसल्याचीच खूण असते.

पहिली पाच मिनिटं: कान, डोळा आणि मीटर

संरक्षक चष्मा १०६४ नॅनोमीटरसाठीचाच हवा. कोणताही रंगीत चष्मा चालत नाही, आणि हा प्रकाश डोळ्याला दिसत नसल्यामुळे चूक कळेपर्यंत उशीर झालेला असतो. शक्य असेल तर ठिणगी कॅमेऱ्यातून बघा. प्लाझ्मातून अतिनील प्रकाशही येतो.

मग नुसतं ऐका. प्रत्येक शॉटचा जो कडक ‘टक्’ आवाज येतो, तो प्लाझ्मा प्रसरण पावताना हवेत सुटलेल्या धक्कालहरीचा असतो. आवाज बोदा आणि ठिणगीही मंद, म्हणजे नमुन्यापर्यंत पुरेशी शक्ती पोचत नाही: खिडकी, लेन्स, आरसे यांच्याकडे वळा. आवाज कडक, ठिणगी लांबट आणि खड्डा उथळ, म्हणजे शक्ती पोचते आहे पण वाटेत खर्च होते आहे. आवाज एकसारखा नाही, एक शॉट फुटतो आणि दुसरा फुसका जातो, तर पृष्ठभागाच्या वर हवेत किंवा धुळीत ब्रेकडाउन होतं आहे का, म्हणजे तिथेच ठिणगी पडते आहे का, ते बघायचं. अनुभवी माणूस दाराबाहेरून आवाज ऐकून सांगतो, आणि बहुतेक वेळा बरोबर सांगतो.

त्यानंतर मीटर. लेसरच्या तोंडाशी ऊर्जा मोजून समाधान मानणारे आम्हीही होतो. मोजायची असते ती नमुन्यापाशी. म्हणजे प्रत्येक आरशानंतर, लेन्सनंतर, खिडकीनंतर एकेक आकडा घ्यायचा. मीटरचं डोकं फोकसवर कधीही ठेवू नका. लेन्सनंतर मोजायचं तर फोकसच्या बरंच अलीकडे किंवा पलीकडे, जिथे बीम रुंद आहे तिथे ठेवा. नाहीतर अब्लेशनचा प्रयोग मीटरवरच होईल.

खिडकी: सगळ्यात जास्त वेळा हीच

आमची पहिली घटना. लेसरच्या तोंडाशी ५० मिलिज्यूल, खिडकीच्या पुढे ३१. कोटिंग नसलेल्या स्वच्छ काचेच्या दोन पृष्ठभागांवर मिळून ८ टक्क्यांच्या आसपास जातं, ते हिशेबात असतंच. बाकीचं खाल्लं होतं काचेच्या आतल्या बाजूला बसलेल्या ॲल्युमिनियमच्या राखाडी थराने. आम्हीच उडवलेला धातू, आमच्याच काचेवर.

तो थर सापडायच्या आधी काय केलं होतं? लेसरला ऊर्जा पुरवणाऱ्या लॅम्पचा व्होल्टेज वाढवून ऊर्जा ८० मिलिज्यूलवर नेली होती. दोन दिवस बरं चाललं. तिसऱ्या दिवशी काचेच्या मध्यभागी बीमनेच तो थर जाळून साफ केला आणि नमुन्यावर अचानक ७० मिलिज्यूलच्या वर येऊ लागले. ठिणगी भलतीच लांब झाली आणि खड्डा आणखी उथळ. एकाच तक्रारीखाली दोन वेगवेगळे बिघाड एकामागोमाग एक आले, आणि दुसरा आम्हीच तयार केलेला होता.

काच पुसणं हा उपाय नव्हे, ती डागडुजी झाली. खरा उपाय भूमितीत आहे. बीम कोणत्याही कोनातून येवो, उडालेल्या पदार्थाचा पिसारा नमुन्याच्या पृष्ठभागाला काटकोनातच निघतो. बीम सरळ समोरून येत असेल तर हा पिसारा थेट खिडकीच्या तोंडावर. आम्ही नमुना ३० अंशांनी कलता केला आणि पिसाऱ्याची दिशा चेंबरच्या भिंतीकडे वळली. ठिपका थोडा लंबगोल होतो, एका दिशेने साधारण १५ टक्के लांब, पण आमच्या कामाला तेवढं चालतं. पातळ थर बसवण्यासाठी लेसर अब्लेशन वापरणारे लोक बीम सहसा ४५ अंशांतून आणतात, त्याचं एक कारण हेच. त्यांना तो पिसारा समोरच्या सब्स्ट्रेटवर, म्हणजे थर जिच्यावर बसवायचा त्या चकतीवर, हवा असतो, खिडकीवर नको असतो. १९८७ साली उच्च तापमानाच्या अतिवाहकाचे पातळ थर याच पद्धतीने बसवले गेले, तेव्हापासून ही पद्धत जोरात आहे. खिडकी काळी पडण्याची कटकटही तेवढीच जुनी.

आपलीच राख आपल्याच काचेवर, ही अडचण फार वरच्या पातळीवरही सुटलेली नाही, नुसती आटोक्यात आहे. चिपांसाठी १३.५ नॅनोमीटरचा प्रकाश तयार करणाऱ्या यंत्रांत सेकंदाला ५० हजार कथिलाचे थेंब कार्बन डायऑक्साइड लेसरने फोडून प्लाझ्मा करतात. ते कथिल समोरच्या आरशावर बसतं, आणि ते काढत राहण्यासाठी आत हायड्रोजन वायू खेळवावा लागतो. आपल्या चेंबरमध्ये काचेवरून हलका वायुप्रवाह सोडला, तर तत्त्व तेच.

खिडकीला हात लावण्याआधी लेसर पूर्ण बंद करा, नुसतं शटर पुरेसं नाही. आणि ती राखाडी भुकटी उघड्या बोटांनी पुसू नका, श्वासातही घेऊ नका. तिचे कण अतिसूक्ष्म असतात, आणि आधी कुणी शिसं किंवा बेरिलियमयुक्त तांबं उडवलं असेल तर ते तुम्हाला दिसणार नाही.

फोकस जिथे समजता तिथे नसतो

दुसरी घटना. कुणीतरी लेन्स साफ करून पुन्हा बसवली. उलटी. प्लेनो-कॉन्व्हेक्स लेन्सची फुगीर बाजू येणाऱ्या बीमकडे हवी, हे सगळ्यांना माहीत असतं, आणि उलटी बसली की गोलीय विपथन, म्हणजे कडेचे आणि मधले किरण एका बिंदूत न मिळणं, वाढतं असं पुस्तकात असतं. वाढतं खरं, पण ६ मिलिमीटरच्या बारीक बीमला १०० मिलिमीटरच्या लेन्सवर त्याने विशेष फरक पडत नाही. खरी गोम दुसरीच. लेन्स उलटली की तिचा मुख्य प्रतल, म्हणजे फोकसचं अंतर जिथून मोजतात ती पातळी, सरकतो. ४ मिलिमीटर जाडीची लेन्स त्याच माउंटमध्ये उलटी बसवली, तर फोकस अडीच मिलिमीटरहून थोडा जास्तच पुढे जातो. आमचा फोकस आधीच पृष्ठभागाखाली ३ मिलिमीटर होता, तो साडेपाचच्या पुढे गेला. ठिपका ०.२ वरून ०.३४ मिलिमीटरच्या आसपास झाला आणि तीव्रता एक तृतीयांशावर आली. खड्डा रुंद, उथळ, काठ बोथट. माउंटवर मार्करने बाणाची खूण केल्यापासून हे पुन्हा झालेलं नाही.

याचाच भाऊ म्हणजे रंगाचा घोटाळा. १०६४ दिसत नाही म्हणून हिरव्या बीमवर फोकस लावतात. साध्या बीके-७ काचेची लेन्स हिरव्या ५३२ नॅनोमीटरला ९९.५ मिलिमीटरची असेल तर तीच १०६४ ला १०२ मिलिमीटरची असते. अडीच मिलिमीटरचा फरक. आणि आमच्या बीमची फोकसखोली किती? दोन्ही बाजूंना पाऊण मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे हिरव्यावर लावलेला फोकस इन्फ्रारेडला चुकलेलाच समजायचा.

हे तपासण्यासाठी शिडी करा. नमुन्याची नवी, सपाट जागा घ्या. लेन्स अर्ध्या मिलिमीटरने सरकवत जा, प्रत्येक जागी वीस शॉट द्या, नमुना दर वेळी बाजूला सरकवा. मग ही ओळ सूक्ष्मदर्शकाखाली बघा. सगळ्यात लहान खड्डा कुठे आहे ते उघड दिसतं, आणि तिथून मोजायला लागा. अर्ध्या तासाचं काम आहे, पण दर वेळी ‘फोकस बरोबर आहे, मी स्वतः लावला होता’ हा वाद वाचतो.

हवाच फुटते तेव्हा

तिसरी घटना सगळ्यात फसवी होती. ५ मिलिमीटर जाडीच्या पट्टीच्या जागी २ मिलिमीटरची पट्टी लावली, मागचा आधार तोच. पृष्ठभाग ३ मिलिमीटर मागे गेला आणि फोकस बरोबर पृष्ठभागावर आला. ऐकायला हे चांगलंच वाटतं. पण तिथे ठिपका ०.०४५ मिलिमीटरचा होतो, आणि तीव्रता २० अब्जांवरून ४०० अब्ज वॅट प्रति चौरस सेंटिमीटरच्या घरात जाते. स्वच्छ हवासुद्धा नॅनोसेकंद पल्सला शंभर अब्जाच्या पलीकडे कधीतरी फुटतेच, आणि धूळ असेल तर त्याच्या बरीच आधी. नमुन्याच्या आधीच, हवेत, ठिणगी पडू लागली. नमुन्याला मिळाली ती त्या ठिणगीची धग.

लेसरने हवेत ठिणगी पाडणं १९६३ पासून माहीत आहे, म्हणजे क्यू-स्विचिंगचा (लेसरमध्ये साठलेली ऊर्जा एकाच छोट्या पल्समध्ये सोडण्याच्या युक्तीचा) शोध लागल्यानंतर वर्षभरातच. तेव्हा ते आश्चर्य होतं, आता आपल्या डोक्याला ताप आहे.

यावरची चाचणी इतकी सोपी आहे की ती न करण्याचं कारण नाही. नमुना काढून ठेवा, मागे योग्य बीम ब्लॉक ठेवा आणि शॉट द्या. नमुना नसतानाही ठिणगी पडत असेल तर तीव्रता जास्त आहे. फोकस पृष्ठभागाच्या खाली ढकला. वरच्या बाजूला कधीच ठेवू नका. आम्ही ३ मिलिमीटर खाली ठेवतो ते याचसाठी. ठिपका मोठा झाला तर खड्डा कमी पडेल ही भीती असते, पण आमच्याकडे २ मिलिमीटरच्या पट्टीमागे ३ मिलिमीटरचा तुकडा टाकताच, ऊर्जेला हात न लावता, खोली पूर्ववत झाली.

नमुना नसताना हवा फुटत नाही आणि नमुना लावल्यावर आवाज विस्कळीत होतो, असंही घडतं. मग संशय धुळीवर. दहा शॉट प्रति सेकंद म्हणजे दोन शॉटमध्ये १०० मिलिसेकंद. आधीच्या शॉटने उडवलेले कण तेवढ्यात पूर्ण खाली बसत नाहीत, पृष्ठभागावर तरंगत राहतात, आणि पुढचा पल्स त्यांच्यावरच फुटतो. एका सेकंदाला एक शॉट देऊन बघा (लॅम्पची गती न बदलता; कसं ते पुढे येतं). अडचण नाहीशी झाली तर चोर सापडला. बाजूने हलका वारा सोडा. वायू बदलण्याची सोय असेल तर हेही लक्षात ठेवा: हेलियमच्या अणूतून इलेक्ट्रॉन काढायला २४.६ इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात, आर्गॉनला १५.८. म्हणून हेलियममध्ये आड येणारा प्लाझ्मा कमी, आणि आर्गॉनमध्ये ठिणगी झगझगीत. पदार्थ ओळखण्यासाठी ठिणगीच्या प्रकाशाचा वर्णपट घ्यायचा असेल तर आर्गॉन बरा, खड्डा हवा असेल तर हेलियम. दोन्ही एकदम हवं असेल तर कुठेतरी तडजोड करायची.

दाब उतरवला तरी प्लाझ्मा चटकन विरळ होतो आणि आड कमी येतो. मंगळावर क्युरिऑसिटी रोव्हरचं केमकॅम हे उपकरण २०१२ पासून १४ मिलिज्यूलच्या पल्सने सात मीटरपर्यंतचे खडक उडवून वर्णपट घेतं. तिथला पातळ वायुदाब, आपल्या हवेच्या एक टक्क्याहूनही कमी, या कामाला पथ्यावरच पडतो. चंद्रावर प्रज्ञान रोव्हरने २०२३ मध्ये याच तंत्राने गंधक ओळखलं, तिथे तर हवाच नाही. आपल्याकडे पंप असेल तर वापरून बघायला हरकत नाही.

सरळ रेषेची युक्ती

हे वर लिहिलेलं सगळं एकेक करून तपासण्यात दिवस जातो. चौथ्या वेळेपासून आम्ही त्या तपासणीच्या आधी एक आलेख काढतो, आणि अर्धं निदान तिथेच होतं.

बीमचा छेद घंटेच्या आकाराचा असेल, म्हणजे मध्ये तीव्र आणि कडेला मंद, तर खड्ड्याच्या व्यासाचा वर्ग हा ऊर्जेच्या नैसर्गिक लॉगॅरिदमशी सरळ रेषेत वाढतो. रेषेचा चढ म्हणजे ठिपक्याच्या त्रिज्येच्या वर्गाची दुप्पट. रेषा खाली जिथे शून्याला टेकते तो अब्लेशनचा उंबरठा. उदाहरण घ्या: त्रिज्या १०० मायक्रॉन आणि उंबरठा चौरस सेंटिमीटरला ४ ज्यूल असेल, तर ५, १०, २० आणि ४० मिलिज्यूलला व्यास अनुक्रमे सुमारे २०४, २३५, २६३ आणि २८८ मायक्रॉन येतील. ऊर्जा दर वेळी दुप्पट, व्यासाच्या वर्गातली वाढ दर वेळी तेवढीच: १३,८०० चौरस मायक्रॉनच्या आसपास.

सगळं ठीक असताना ही रेषा एकदा काढून भिंतीवर चिकटवून ठेवा. बिघाड झाला की पुन्हा काढा, लेसरच्या तोंडाशी मोजलेली ऊर्जा घेऊनच. चढ बदलला असेल तर ठिपका बदलला आहे: लेन्स, फोकस किंवा बीम. चढ तोच आणि रेषा समांतर खाली सरकली असेल तर वाटेत ऊर्जा गळते आहे किंवा नमुना बदलला आहे. ३० टक्के गळती असेल तर वरच्या उदाहरणात रेषा सुमारे ७,१०० चौरस मायक्रॉन खाली येईल; म्हणजे किती गळती आहे तेही मोजता येतं. आणि रेषा खाली सरळ असून वरच्या ऊर्जांना फाटा फोडून वर वळत असेल, तर तिथून पुढे प्लाझ्माची धग खड्ड्याचे काठ खात आहे. त्या वळणाच्या वर जाऊन खोलीसाठी काही मिळत नाही.

एक पथ्य: प्रत्येक ऊर्जेला शॉट तेवढेच द्या, आणि थोडेच द्या. एकाच जागी शॉट पडत गेले की पृष्ठभाग खडबडीत होतो, शोषण वाढतं आणि उंबरठा खाली येतो. दहा शॉटची रेषा शंभर शॉटच्या रेषेशी ताडून बघाल तर नको ते निष्कर्ष निघतील.

ऊर्जा कशी बदलू नये

चौथ्या वेळी आलेखातला चढ बदलला होता, आणि लेन्स तर जागेवर होती. कारण असं निघालं की ऊर्जा कमी-जास्त करण्यासाठी लॅम्पचा व्होल्टेज बदलला जात होता, आणि शॉट सेकंदाला दहाऐवजी एक दिला जात होता. लेसरची कांडी स्वतःच तापून हलक्या भिंगासारखी वागते, आणि लेसर बनवताना ती १० शॉटच्या तापमानाला जुळवलेली असते. कांडी थंड राहिली की बीमचा फैलाव बदलतो, फोकस सरकतो. व्होल्टेज किंवा क्यू-स्विचची वेळ बदलली की पल्सची लांबीही बदलते.

लॅम्प ठरलेल्या दहाच्या गतीनेच चालू द्या, आणि दर दहावा शॉट तेवढा शटरने किंवा क्यू-स्विचने बाहेर सोडा. ऊर्जा कमी करायला बाहेर हाफ-वेव्ह प्लेट (प्रकाशाच्या ध्रुवणाची दिशा फिरवणारी) आणि पोलरायझर (एकाच दिशेचं ध्रुवण पुढे सोडणारा) लावा. प्लेट ४५ अंश फिरवली की जास्तीत जास्तपासून जवळपास शून्यापर्यंत जाता येतं, आणि बीमला कळतही नाही. पोलरायझरने बाजूला टाकलेला बीम कुठे जातो ते मात्र आधी बघा आणि तिथे बीम डंप ठेवा.

तरंगलांबी बदलणं

हे सगळं करूनही खोली हवी तेवढी मिळत नसेल, तर १०६४ सोडून हार्मोनिकवर, म्हणजे त्याच लेसरच्या निम्म्या, तिसऱ्या किंवा चौथ्या हिश्श्याच्या तरंगलांबीवर, जाण्याचा विचार करा. १०६४ नॅनोमीटरचा प्रकाश प्लाझ्मात घन सेंटिमीटरला एकावर एकवीस शून्ये एवढी इलेक्ट्रॉनांची घनता झाली की पुढे जाऊच शकत नाही, माघारी फिरतो. ५३२ ला ही मर्यादा चौपट, ३५५ ला नऊपट, २६६ ला सोळापट. त्या मर्यादेच्या अलीकडेही धडकांतलं शोषण छोट्या तरंगलांबीला खूप कमी असतं. शिवाय तांब्यासारखा धातू १०६४ चा बहुतेक प्रकाश परत फेकतो, हिरव्याला मात्र बराच शोषतो. अमेरिकेतल्या नॅशनल इग्निशन फॅसिलिटी या लेसरने अणुसंलयन घडवणाऱ्या प्रयोगशाळेत १९२ बीम १०५३ नॅनोमीटरला तयार करून शेवटी ३५१ वर आणतात. रूपांतरात ऊर्जा गमावूनही हा खटाटोप करतात, कारण छोटी तरंगलांबी लक्ष्याला जास्त चांगली लागू पडते.

फेम्टोसेकंद लेसर (त्याचा पल्स नॅनोसेकंदाहून हजारो पटींनी छोटा) असेल तर ही अडचण मुळातच वेगळी. वाफ उठायच्या आत पल्स संपलेला असतो, त्यामुळे आड यायला कुणी नसतं. पण ज्यांच्याकडे तो आहे ते हे वाचत नसावेत.

पाचवी वेळ

आलेखातला चढ जुन्यासारखा, रेषा समांतर खाली. म्हणजे गळती. खिडकी मोजली, ठीक. आरसे मोजले, ठीक. लेन्स बाणाच्या दिशेने. नमुन्यापाशी ४६ मिलिज्यूल, जेवढे हवे तेवढे. मग ऊर्जा कुठे जाते?

गळती नव्हतीच. समांतर खाली सरकण्याचं दुसरं कारण मीच वर लिहिलं आहे, आणि ते मीच विसरलो होतो. जुन्या पट्टीला करडं ॲनोडायझिंग, म्हणजे ऑक्साइडचा थर, होतं. नवी पट्टी त्याच खोक्यातली, पण तिची एक बाजू कुणीतरी आरशासारखी घासून ठेवली होती, आणि तीच बाजू बीमकडे होती. पट्टी उलटी केली.

रेषा भिंतीवरच्या जुन्या रेषेवर जाऊन बसली.